लेकरांचं रिंगण

पौष आला की हिंगोलीतल्या आमच्या गल्लीत दुपारचं ऊन अंगाला गोड लागतं. मी ओट्यावर पाय लांब करून बसते. परवा सून बाजारातून हुरडा घेऊन आली. कागदाच्या पुडीत गरम दाणे, वर तिळाची चटणी. "आई, कोवळा हाय, खा," म्हणाली. मी चार दाणे तोंडात टाकले आणि पुडी तिच्या हातात परत दिली. तिला वाटलं, माझे दात दुखतात. मी म्हणाले, "व्हय, दात."

दातांचं काही नाही. भाजल्या ज्वारीचा वास नाकात शिरला की मी आजही माळावर जाऊन उभी राहते. माझ्या आयुष्यातला एक हंगाम तसाच पडून राहिला आहे, कोणी न मळलेला. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. तेव्हा निजामाचं राज्य होतं, मी सतरा-अठराची होते, आणि माझा दादा मला जगातला सगळ्यात शहाणा माणूस वाटत असे.

आमचं गाव पुसेगावच्या बाजूचं, एका लांबट माळाच्या पायथ्याशी. खाली काळी जमीन, कापूस, तूर, ज्वारी. वर चढलं की पायाखाली मुरूम लागतो, माती विरळ होते आणि कुसळी गवत सुरू होतं. पौषात ते वाळून पांढरं पडतं. त्याची कुसळं लुगड्याच्या काठात अशी शिरतात की घरी येऊन दिवेलागणीपर्यंत वेचत बसावं. वारा मात्र वर असतो तसा खाली कधीच नसतो. डोक्यावरचा पदर दातात धरून चालायचं.

त्या माळावर धोंड्यांची रिंगणं होती. काळे धोंडे, कोणी गुडघ्याएवढा, कोणी कमरेएवढा, अर्धे जमिनीत रुतलेले, गोल करून मांडलेले. मधे बारीक दगडांचा भराव. एका धोंड्याला हलवायला बैलजोडी लागावी, मग इतके धोंडे वर कोणी नेले? म्हातारी माणसं सांगत, "फार मागं इथं गवळी लोक ऱ्हात होते. माणूस गेलं का त्याला मधी ठिवायचं, भवती धोंडे मांडायचे. मंग चारा सरला, गुरं घेऊन ते पुढं गेले. त्यांची माणसं इथंच ऱ्हाली." म्हणून गवळ्याचा माळ. याहून जास्त कोणाला ठाऊक नव्हतं, आणि कोणाचं अडतही नव्हतं.

उघड्यावर दहा रिंगणं होती. त्यातले निम्मे धोंडे लोकांनी बांधाला, विहिरीला ओढून नेलेले. अकरावं रिंगण माळाच्या मागच्या उतारावर, बोरी-बाभळीच्या दाट काट्यात होतं. त्याचा एकही धोंडा जागचा हललेला नव्हता. पुरुष त्याचं नाव काढत नसत. बाया त्याला लेकरांचं रिंगण म्हणत.

अगदी तान्हं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. आमच्या गावची अशी लेकरं त्या रिंगणाच्या बाहेरच्या अंगाला, धोंड्यांच्या पायाशी ठेवत. पुरुष नेऊन ठेवत आणि खाली उतरताना विसरून जात, किंवा विसरल्यासारखं करत. बाया विसरत नसत.

आदल्या वर्षी मी वसमतहून, माझ्या सासरहून, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगा झाला. नऊ दिवस राहिला. दहाव्या दिवशी सकाळी त्यानं दूध ओढलं नाही, दुपारपर्यंत त्याचे हात गार पडले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला माझ्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि कुदळ घेऊन बाहेर पडले. परत आले ते हातपाय धुऊन जेवायला बसले. घरात पुन्हा त्याचा विषय निघाला नाही. मायनं पाळणा माळ्यावर टाकला. मी विचारलं, "कुठं ठिवलं?" तर ती म्हणाली, "इचारू नको. दुसरं हुईल."

पौष लागल्यावर शेजारची कोंडाबाई मला घ्यायला आली. उंच, हाडकुळी बाई, फार बोलत नसे. तिची तीन लेकरं तिथं होती. काट्यातून वाकून जायची एक वाट तिनं मला दाखवली. आत गेल्यावर वारा एकदम थांबला. तिनं पांढरी रेघ असलेल्या एका धोंड्याला हात लावला. "ह्यो तुझा. मी तुझ्या बापाला इचारून घेतलं." मग ओटीतून कोवळा हुरडा काढून तिनं मूठ मूठ धोंड्यांपाशी ठेवला. मी विचारलं, हुरडाच का? म्हणाली, "दात कुठं हायत त्यान्ला? कोवळंच द्यावं लागतं."

मी रडायला लागले तेव्हा तिनं मला खाली बसवलं. "आत जुनी, मोठी मोठी माणसं हायत. लेकरं एकली पडत न्हाईत, पोरी. आपण न्हाई तर ते बघतेत." आणि उठताना म्हणाली, "ही जागा बायांची. कोणाला दाखवायची न्हाई."

मी मान हलवली होती. स्पष्ट आठवतं, मी मान हलवली होती.

पुढल्या पौषात मी पुन्हा माहेरी आले होते, तेव्हा दादा आला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दहा वर्षांचा असल्यापासून हैदराबादेत शिकायला. सुटीत यायचा तेव्हा माझ्यासाठी लाखेच्या बांगड्या आणायचा आणि त्या चढवताना मनगट दुखू नये म्हणून स्वतः तेल लावायचा. लोक त्याला दत्ता म्हणत, काही जण दत्ताजी म्हणायला लागले होते. त्या वर्षी डोळ्यांवर चष्मा आला होता. हैदराबादेत जुन्या वस्तूंचा अभ्यास करणारे एक विद्वान होते, त्यांच्या हाताखाली तो बिनपगारी काम करत होता आणि नोकरी लागेल म्हणून वाट बघत होता. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं की दादा आला आहे आणि घरात कोणीतरी हसून राहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी तूर झोडत होते. तो येऊन जवळ बसला.

"गोदे, मला भाच्याला बघायचंय."

माझा हात थांबला. "आता काय बघतोस दादा?"

"जागा तरी बघतो. मी मामा हाय का न्हाई त्याचा?"

वर्षभरात घरातल्या एकाही माणसानं माझ्या लेकराचं नाव काढलं नव्हतं. नाव म्हणजे, नाव ठेवलंच नव्हतं, पण तो होता असंही कोणी म्हटलं नव्हतं. आणि दादा म्हणत होता, मी त्याचा मामा. मला कोंडाबाई आठवली नाही असं मी म्हणणार नाही. आठवली. पण मला वाटलं, दादा काही परका नाही.

मी त्याला नेलं. काट्याच्या वाटेत शिरण्याआधी त्यानं वहाणा काढल्या. आत पांढऱ्या रेघेच्या धोंड्यापुढं तो हात जोडून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खरं असावं. माणूस रडतोही आणि त्याच वेळी डोळे पुसून इकडंतिकडं बघतोही.

मग तो रिंगणाभोवती चालायला लागला. सावकाश, सारखी सारखी पावलं टाकत. ओठ हलत होते. मला वाटलं, प्रदक्षिणा घालतोय, काही म्हणतोय. मी पदर सावरून त्याच्या मागं मागं चालले. एक पूर्ण फेरी आम्ही बहीणभाऊ तसे चाललो. तो पावलं मोजत होता.

मी त्याला सगळं सांगितलं. हे माझं, ही तीन कोंडाबाईची, इकडं दोन तेलीणबाईची. त्यानं विचारलं, "आत मधी कोणी कधी खणलं का?" मी म्हणाले, "छ्या! आत कोण खणंल?" उतरताना त्यानं वाकून माझ्यासाठी ओंजळभर बोरं तोडली, हाताला काटे लावून घेऊन. सबंध वर्षात माझा तो सगळ्यात हलका दिवस गेला.

चार दिवसांनी तो म्हणाला, "जवळा बाजारची आत्या लई आजारी हाय म्हणे. गोदे, तू जाऊन ये. मला काम हाय, न्हाई तर मीच गेलो असतो." गाडी त्यानंच जुंपून दिली. गाडीत कडबा अंथरला, त्यावर घोंगडी घातली, थंडी लागू नये म्हणून माझ्या पायांवर दुसरी टाकली.

आत्या ओसरीवर बसून लसूण सोलत होती. मला बघून उठली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं.

"तुमी आजारी होता न?" मी म्हणाले.

"मी? कोण म्हनलं?"

"दादा."

आत्या खळखळून हसली. "मंग तुझं मन रमावं म्हणून धाडलं असंल त्यानं. लई माया हाय दत्ताची तुझ्यावर." मलाही तेच वाटलं. सहा दिवस मी तिथं राहिले. बाजार बघितला, आत्याबरोबर हरभऱ्याची भाजी खुडली, आणि रोज मनात म्हणत होते, दादाला किती कळतं.

परत येताना गाडी ओढ्यातून वर आली आणि मला माळाचा मागचा उतार दिसला. काटे नव्हते. जिथं काळसर झाडी असायची तिथं उघडा उतार होता आणि मुरमाचा मोठा पांढरा ढीग. दोन तंबू. गाडीवान म्हणाला, "हैदराबादचे साहेब आलेत. तुमच्या दादानं आणलेत. खणून राहिलेत चार दिवसांपासून."

मी चालत्या गाडीतून उतरले. वर पोचेपर्यंत श्वास पुरेना. रिंगणात दोऱ्या ताणलेल्या होत्या, लाकडी खुंट्या मारलेल्या होत्या, आणि आरपार एक लांब चर खणलेला होता. कापडावर काळी-तांबडी मडकी मांडली होती, गंजून फुगलेली एक कुऱ्हाड होती, थोडे लाल मणी होते. चर बाहेर निघाला होता त्या बाजूचे धोंडे उपटून लांब सारले होते. पांढऱ्या रेघेचा धोंडा पालथा पडला होता. दादा वही घेऊन चराच्या काठावर उभा होता.

"दादा, हे काय केलंस?"

तो भराभरा आला आणि माझं कोपर धरून मला बाजूला नेऊ लागला. "हळू बोल. साहेब ऐकतेत."

"माझं लेकरू कुठाय?"

"गोदे, ऐक. हे हजारो वर्षांपूर्वीचं हाय. साऱ्या मुलखात असं अख्खं रिंगण सापडलं न्हाई. तुला न्हाई कळायचं."

"माझं लेकरू कुठाय?"

त्यानं चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "वर्ष होऊन गेलं. माती झाली असंल त्याची."

मी त्याच्या हातातून कोपर सोडवलं. परक्या पुरुषाशी मी तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी सरळ तंबूपाशी गेले. साहेब म्हणजे एक वयस्क गृहस्थ, पांढरी दाढी, अंगात शेरवानी, घडीच्या खुर्चीवर बसून एक मणी बारीक कुंचल्यानं साफ करत होते. मी म्हणाले, "साहेब, इथं आमची लेकरं हायत."

त्यांना माझी बोली नीट कळली नाही. त्यांनी दादाकडं बघितलं. दादा इंग्रजीत काहीतरी घाईनं बोलू लागला. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि खणणाऱ्यांतल्या युसूफचाचांना हाक मारली.

युसूफचाचांचं शेत त्या उताराला लागून होतं. गावच्या निम्म्या विहिरी त्यांच्या हातच्या. म्हणून खोदकामाचे मुकादम त्यांनाच केलं होतं. ते आले, डोक्याचा साफा नीट केला आणि खाली बघत साहेबांना सगळं सांगितलं. मी काय म्हणत होते ते, आणि मी म्हटलं नव्हतं तेही.

साहेबांनी कुंचला खाली ठेवला. मग म्हणाले, "बेटी, मैंने दत्ताजी से पूछा था. दो बार पूछा था, यहाँ गाँववालों की कोई कब्र तो नहीं? बोले, नहीं."

मी दादाकडं बघितलं. तो एका खुंटीला बांधलेली दोरी बोटांनी उगाच घट्ट करत होता.

त्या क्षणापर्यंत माझ्या मनात कुठंतरी होतं की चूक झाली असेल, त्याचं कोणी ऐकलं नसेल, मोठ्या माणसापुढं त्याचं चाललं नसेल. आत्याच्या घरची ती हसण्याची दुपारही मला तोवर नीट कळली नव्हती. सगळं एकदम कळलं. पाण्यानं भरलेले डोळे, मोजलेली पावलं, पायांवर टाकलेली घोंगडी.

साहेबांनी त्याच दुपारी काम थांबवलं. चर बुजवून घेतला, धोंडे जमतील तसे पुन्हा बसवायला सांगितले. संध्याकाळी चावडीवर येऊन आबांपुढं त्यांनी हात जोडले. मडकी आणि मणी पेट्यांत घालून ते दुसऱ्या दिवशी गेले. दादाला त्यांनी बरोबर घेतलं नाही.

घरात माझ्याच नावानं बोलणं सुरू झालं. एवढा मोठा साहेब आपल्या दारी आला होता, आणि तरणी पोर उठून त्याच्यापुढं गेली. आबा एवढंच म्हणाले, "दत्ता म्हनला होता, त्या अंगाला जाणार न्हाईत." आणि उठून गोठ्यात गेले. माय म्हणाली, "भाऊ हाय तुझा. घरातलं घरात ऱ्हाऊ दे." तिसऱ्या दिवशी दादा निघाला. उंबऱ्यात थांबून माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुझ्यामुळं माझी नोकरी गेली." लाखेच्या बांगड्या त्या वेळीही माझ्या हातात होत्या. त्याच दिवशी मी त्या फोडल्या.

बुजवलेल्या चरापाशी मी सकाळी जाऊन बसत असे. ओली माती पुन्हा पुन्हा चाचपत असे. एक दिवस युसूफचाचा शेतातून वर आले आणि जरा लांब उकिडवे बसले.

"गोदाबेटी, एक बात सांगायची हाय. पण तुझ्या भावाला न्हाई सांगायची."

मी मान हलवली. मग वाटलं, माझ्या मान हलवण्यावर या माणसानं काय म्हणून विश्वास ठेवावा?

"पहिलं कापड निघालं तवा मी दत्ताजीला दाखवलं," ते म्हणाले. "तो म्हनला, चाचा, बाजूला फेका, साहेबांना दाखवू नका. मी काहून फेकू? मला बी लेकरं हायत. साफ्यात बांधलं. भाकरीचं गठुडं असल्यावानी दुपारी घरी नेलं. जे जे निघालं ते नेलं. पाच मिळाले, बेटी. बाकीची माती झाली."

"हिरवं लुगडं?"

"हाय."

त्यांनी मला त्यांच्या शेताच्या बांधावर नेलं. एका निंबाखाली पाच लहान दगड ओळीनं मांडलेले होते. हिरव्या कापडाचा दुसरा. "तुमचं काय म्हनतेत ते मला येत न्हाई," चाचा म्हणाले. "मला जे येतं ते म्हनलो. चाललं न?"

मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले तर ते मागं सरले.

कोंडाबाईला मीच जाऊन सांगितलं. सगळं, आधीपासून. ती ऐकत राहिली. मी तिला बांधावर नेलं. तिच्या तिघांपैकी एकच तिथं होतं. तिनं दगडावरून हात फिरवला, पदर तोंडाला लावला, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आमी तुला जागा दाखवली होती. तू त्याला दाखवली." त्यानंतर ती वीस वर्षं जगली आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बाकीच्या बाया हळूहळू बोलायला लागल्या. कोंडाबाई नाही. तिचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

मी वसमतला परत गेले. माझे यजमान शाळेत मास्तर होते, शांत माणूस. त्यांनी मला वाचायला शिकवलं. दोनेक वर्षांनी त्यांनी एक मासिक आणून माझ्यापुढं ठेवलं. "तुझ्या भावाचा लेख आलाय," म्हणाले. मी अक्षर अक्षर लावत वाचला. माळाचं वर्णन फार सुरेख होतं. गवताचा रंग, वारा, काट्यातून वाकून जायची वाट, सगळं होतं. रिंगणाचा घेर किती पावलं, तेही होतं. आणि शेवटी लिहिलं होतं की या वर्तुळांविषयी गावातल्या लोकांना काहीही माहिती नाही आणि त्यांना त्यांचं काही महत्त्वही वाटत नाही. ते वाक्य मी तीनदा वाचलं. मला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं, म्हणून मला वाटलं, आपलंच काही चुकत असेल.

कधी कधी मनात येतं, त्या गवळ्यांच्या बायकाही माळावर कोणालातरी ठेवून, एवढे धोंडे आणून, खाली उतरल्या असतील. इथं कोणी हात लावणार नाही, असं त्यांनीही धरलं असेल. साहेबांच्या कापडावरचे ते लाल मणी कोणीतरी एकेक करून ओवले असतील. माझं लेकरू त्यांच्या भरवशावर होतं आणि त्यांचं माझ्या. मी तर त्या मण्यांकडं तेव्हा धड बघितलंही नाही. माझ्याच्यानं माझंच सांभाळलं गेलं नाही.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी गावोगाव फार वाईट दिवस आले; निजामावरचा राग साध्या मुसलमान घरांवर निघत होता. आबा वारले होते, माय अंथरुणाला होती, म्हणून मी माहेरी होते. एका सकाळी युसूफचाचांच्या दारात गाडी उभी राहिली. भांडी, वाकळा, कोंबड्यांची एक पाटी, आणि वर त्यांची म्हातारी. आमच्या गावातल्या कोणी त्यांना बोट लावलं नाही. पण "थांबा" असंही कोणी म्हटलं नाही. ज्या बायांची लेकरं त्यांनी साफ्यात बांधून नेली होती, त्यांचे नवरे, भाऊ, सासरे आपापल्या दारात उभे राहून बघत होते. मी गाडीमागं ओढ्यापर्यंत गेले. चाचा म्हणाले, "बांधाकडं बघत जा, बेटी." आणि बैल हाकले. पुढं त्यांचं काय झालं, कळलं नाही. शेत दुसऱ्याकडं गेलं. बांध राहिला.

तीन महिन्यांनी दादा आला. मी त्याला आधी ओळखलं नाही. केस अवेळी पांढरे, सदरा मळका, ताप अंगात. माझा-त्याचा मधे दहा वर्षं बोलण्याचा संबंध नव्हता. मी त्याला पाणी दिलं, कण्या शिजवून घातल्या, अंथरूण टाकलं. चार दिवसांनी ताप उतरल्यावर तो अंगणात येऊन बसला.

"गोदे, माझी पोरगी गेली. दीड वर्षाची होती. देवी आल्या."

मला तिचं वाईट वाटलं, ते खरं होतं.

"तिला पुरलं तवा मला पैल्यांदा तुझं कळलं," तो म्हणाला. "मी युसूफला फेकाया सांगितलं होतं. पण तो फेकणारा माणूस नव्हता. त्यानं कुठंतरी ठिवलं असंल, आन् तुला ठाऊक असंल. मला एकदा दाखव. मला माफी मागायची हाय."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला खात्रीनं कळत होतं की हा खोटं बोलत नाही.

मी उठले. त्याला घेऊन माळावर चढले, आणि बांधाच्या अगदी उलट्या अंगाला, तळ्याकडच्या टेकाडावर नेलं. तिथं गुराख्यांनी रचलेला दगडांचा एक ढीग होता. मी बोट दाखवलं. "हे बघ. इथं."

तो गुडघ्यांवर बसला, कपाळ दगडाला टेकवलं आणि मोठ्यानं रडला. मी वारा अंगावर घेत उभी राहिले. सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंही, आणि मिटलं.

दादा मग गावातच राहिला. शाळा निघाली, तिथं मास्तर झाला. मुलांना चांगलं शिकवायचा, लोक त्याचं नाव काढतात. दर पौषात मी माहेरी जायची. पहाटे बायांबरोबर मागच्या वाटेनं बांधावर जाऊन यायची. दुपारी दादा आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून एकटा टेकाडावर जायचा. अंगणातून तो दिसायचा, लहान होत गेलेला, मग थांबलेला. इतकी वर्षं. एकदाही चुकला नाही. दर वेळी मी ठरवायची, यंदा सांगू. आणि तो परत आला की त्याला ताट वाढायची.

शेवटच्या वर्षी त्याला चढवेना. बाजेवर पडून होता. संध्याकाळी मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरला.

"गोदे, मी गेल्यावर तू जात जा तिकडं. मी चुकलो होतो, पण तू मला जागा दाखवलीस. लई मोठं मन केलंस." मग जरा थांबून, लहान मुलानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "तिथंच हाय न गं? नक्की?"

"व्हय दादा," मी म्हणाले. "तिथंच."

त्यानं डोळे मिटले. मी त्याच्या अंगावरची वाकळ नीट केली.